खिडकीतल्या सात बाटल्या

मी आयुष्यात दारूचा एक थेंब चाखलेला नाही, आणि तरीही सासुरवाडीत मला सुधारलेला दारुडा म्हणून मोठा मान आहे. तिकडच्या लग्नात मी मांडवात शिरलो की बायका पदर सावरून एकमेकींना कोपरखळी मारतात, "हेच ते, ज्यांची सुटली." मी मान खाली घालतो. गेली कित्येक वर्षं घालतो आहे. मान खाली घालण्याचा माझ्याइतका सराव बोहल्यावरच्या नवरीलासुद्धा नसेल.

हे कसं झालं ते सांगतो. यातलं एक अक्षरही खोटं नाही. थोडं फुगवलेलं असेल, पण फुग्यातसुद्धा हवा खरीच असते.

ऐंशीच्या दशकाच्या शेवटाला मी सिल्वासाजवळ, राखोलीला, धाग्याच्या कारखान्यात होतो. आमच्या खानदेशातून तेव्हा इतकी पोरं तिकडे गेली की गावात पोळ्याला बैल उभे आणि धरायला माणूस नाही अशी अवस्था. पण सिल्वासाचं नाव काढलं की गावाकडे कुणाला कारखाने आठवत नसत. चहूकडे गुजरातची दारूबंदी आणि मधोमध हे एक ओलं बेट. सुट्टीच्या दिवशी पलीकडून गाड्या भरभरून तहानलेली माणसं यायची आणि तृप्त होऊन परतायची. त्यामुळे सिल्वासाला नोकरी करणारा मुलगा म्हणजे पिणारच, हे आमच्याकडे पंचांगात छापल्यासारखं पक्कं होतं. पत्रिकेत मंगळ असला तर त्यावर शांती होती. सिल्वासावर कसलीही शांती नव्हती. मला चार मुली सांगून आल्या आणि पत्ता ऐकून चारही परत गेल्या.

पाचवी चोपड्याची. ती मात्र पोह्यांची बशी माझ्यापुढे ठेवून समोर बसली आणि तिनं सरळ मलाच विचारलं, "तिथं वाचायला काय मिळतं?"

मी म्हटलं, नाक्यावर पुस्तकं भाड्यानं देणारा एक आहे, त्याच्याकडच्या रहस्यकथा मी वाचतो. हे मी कमी करून सांगितलं. खरं तर त्या दुकानातले सगळे खून मला पाठ होते आणि दुकानदार नवीन पुस्तक आलं की आधी मला वाचायला देऊन खुनी कोण ते विचारून घ्यायचा.

"शेवट आधी बघता का?" तिनं विचारलं.

"छे. मग मजा काय?"

"मी आधी बघते," ती म्हणाली, आणि बशी उचलून आत गेली.

मी तिथंच गार झालो. तिच्या वडिलांनी निघताना सांगितलं की मुलगा आम्हाला पसंत आहे, पण मुलीचा मामा आज गावात नाही. चौकशी तो करील. त्याचं पत्र आलं की तारीख धरू, आणि त्यानं नाही म्हटलं तर विषय संपला. थोडक्यात, माझा सगळा संसार एका न पाहिलेल्या मामाच्या पत्रावर लटकत होता. कारखान्यात परतल्यावर मी असे उसासे टाकायला लागलो की यंत्रावरचे धागे पटापट तुटायचे आणि सुपरवायझरनं मला बॉबिनपासून चार पावलं लांब उभं राहायला सांगितलं.

मी सिल्वासातल्या टोकरखाड्याला राहायचो, एका काकूंच्या मागच्या खोलीत. काकू रत्नागिरीच्या, काका सरकारी कचेरीत. खोलीत खाट एक आणि भाडेकरू दोन. एकाची दिवसपाळी, दुसऱ्याची रात्रपाळी, त्यामुळे खाट कधी गार पडत नसे. माझा जुना जोडीदार नोकरी सोडून गेला आणि चोपड्याहून मी परतल्याच्या दुसऱ्याच आठवड्यात नवा आला. कोण आहे म्हणून काकूंना विचारलं, तर त्या भाजी निवडता निवडता म्हणाल्या, "आहेत एक वयस्क गृहस्थ. दादऱ्याला कारखान्याच्या गेटवर रात्रीची ड्युटी करतात. तुला काय करायचंय? तुझ्या वेळेला खाट तुझी."

मी सकाळी सहाला निघायचो, तो आठला यायचा. तो संध्याकाळी सहाला निघायचा, मी साडेसातला पोचायचो. किल्ली तुळशीच्या कुंडीखाली. असे आम्ही दोन महिने एका उशीवर झोपलो आणि एकमेकांचं तोंड पाहिलं नाही. त्याच्या डोक्याचा खळगा मात्र मला इतका ओळखीचा झाला होता की हजार डोक्यांतून ते डोकं मी पाठमोरं ओळखलं असतं.

साधा माणूस असता तर त्यानं एवढ्यावर सोडून दिलं असतं. पण मी तीनशे खून वाचलेला माणूस. मी तपास सुरू केला.

पहिली गोष्ट, खाटेखाली रोज वेलदोड्याची सालं सापडायची. एखाद-दुसरं नव्हे, पसाभर. गेटवरचा पहारेकरी रोज एवढे वेलदोडे खातो? कसला तरी वास लपवायचा असल्याशिवाय कोण खाईल? मी ताडलं, विष. दुसरी गोष्ट, तो रोज अंगातला सदरा धुऊन वाळत घालायचा. डाग. तिसरी गोष्ट सगळ्यात भयंकर. माझी सुट्टी बुधवारी, आणि बरोबर बुधवारीच हा माणूस खोलीवर फिरकत नसे. सकाळी गेटवरून सुटून तो परस्पर कुठं तरी जायचा. काकू म्हणायच्या, ओळखीच्या कुणाकडे जातात. म्हणजे त्याला मला तोंड दाखवायचं नव्हतं.

आणि मग एके दिवशी खाटेच्या फटीत फाडलेल्या पत्राचा एक तुकडा सापडला. निळ्या शाईत, वळणदार अक्षरात इतकंच होतं, 'त्याला अजून संशय आलेला नाही. त्याचा सोक्षमोक्ष लावूनच मी गावी येईन.'

मी खाटेवर बसलो आणि ती त्याची खाट आहे हे आठवून उठून उभा राहिलो. तो 'त्याला' म्हणजे मीच, याबद्दल शंका नव्हती. मला का मारायचं, एवढंच कळत नव्हतं. ही चोपड्याची मुलगी दुसऱ्या कुणी पसंत केली असेल आणि त्यानं हा माणूस धाडला असेल, असं मी शेवटी ठरवलं. त्या विचारानं भीती वाटली आणि थोडा अभिमानही वाटला.

काकूंना सांगितलं. त्यांनी तुकडा वाचला, चष्मा काढला, पुसला, परत वाचला आणि तोंडाला पदर लावून आत निघून गेल्या. मला वाटलं बाई घाबरल्या.

खोली सोडून पळावं तर चोपड्याचं उत्तर याच पत्त्यावर येणार. तेव्हा मी ठरवलं की आपण त्याच्यापेक्षा भयंकर दिसायचं. कारखान्यातला हातभर लांबीचा लोखंडी पाना आणला आणि उशाखाली ठेवला, त्याला टोचेल असा. पण पान्यानं काम भागणार नव्हतं. समोरचा माणूस कोणत्या थराला जाईल याचा भरवसा नाही, असं त्याला वाटायला हवं होतं. मग बुधवारी मी राखोलीच्या पुलाखाली गेलो. तिथं दमणगंगेच्या काठाला पलीकडच्या पाहुण्यांनी रिकाम्या करून फेकलेल्या बाटल्या पडलेल्या असायच्या. त्यातल्या सात निवडल्या. निवडताना रंग पाहिला, उंची पाहिली, लेबलं शाबूत पाहिली, नाव एकाही बाटलीचं वाचलं नाही. पिशवीत भरून आणल्या आणि खिडकीत उंचीप्रमाणे ओळीनं मांडल्या. काय शोभा आली होती. खोली एखाद्या दरोडेखोराची वाटत होती.

दुसऱ्या दिवशी येऊन पाहतो तर सातही बाटल्या होत्या तिथंच, पण प्रत्येकीच्या तळाशी जे चार-दोन थेंब उरले होते ते नाहीसे. आत कोरडं ठणठणीत. वर लेबलं बाहेर गजांकडे वळवलेली.

मी म्हटलं, बोटांचे ठसे पुसले.

आता हे वाचताना तुम्हाला जे केव्हाच कळलंय ते मला कळलं नाही, हे मी मोकळेपणानं कबूल करतो. रहस्यकथा वाचून माणसाची बुद्धी तल्लख होते असं म्हणणाऱ्यांना माझ्याकडे पाठवा.

पंधरा दिवसांनी वडिलांचं पत्र आलं. वडील शाळामास्तर, पत्रातसुद्धा कान पिरगाळायचे. चोपडेकरांनी नकार कळवला होता, आणि त्यांच्या पत्रातला मजकूर वडिलांनी जसाच्या तसा उतरवून दिला होता. मुलगा अट्टल पिणारा आहे, खिडकीत सात बाटल्या उघड्यावर मांडतो, उशाखाली लोखंडी पाना घेऊन झोपतो, अशी खात्रीलायक माहिती मुलीच्या मामांनी समक्ष राहून मिळवली आहे. खाली वडिलांनी आपलं एक वाक्य जोडलं होतं, 'पाना कशासाठी, ते तरी कळव.'

मी ते पत्र तीन वेळा वाचलं. उशाखालचा पाना जगात दोनच डोक्यांना माहीत होता, आणि दोन्ही डोकी त्या एकाच उशीवर झोपत होती.

काकूंकडे गेलो. "काकू, तुम्हाला ठाऊक होतं?"

"पहिल्या दिवसापासून. ते आले तेच मुळी तुझी चौकशी करायला. गावातली गिरणी बंद पडली, मोकळेच होते, तर म्हणाले इथंच राहून बघतो."

"मग मला सांगितलं का नाही?"

"त्यांनी शपथ घातली होती. आणि तू तर त्यांना खुनी ठरवून बसलास. मला वाटलं, दोघांचं काय ते मिटेपर्यंत बघत बसू, दूरदर्शनवर तरी एवढं चांगलं काय लागतंय."

दुसऱ्या दिवशी मी रजा टाकली आणि सकाळी आठला खोलीतच बसून राहिलो. कुंडी सरकल्याचा आवाज आला, किल्ली नाही म्हटल्यावर दार ढकललं गेलं, आणि मी त्याला पहिल्यांदा पाहिलं. दोन महिने ज्याच्या भीतीनं माझी झोप उडाली होती तो माणूस माझ्या खांद्याला लागत होता. पांढरी टोपी, बारीक मिशी, हातात शिधा ठेवतात तसली कापडी पिशवी. तोंडात वेलदोडा. आणि वेलदोड्याच्या मागून जो वास आला, तो मी पुलाखाली बाटल्या वेचताना इतका घेतला होता की आता कुठं माझ्या डोक्यात उजेड पडला.

"या मामा," मी म्हटलं.

मामा उंबऱ्यावरच बसले. टोपी काढून हातात फिरवली. मग म्हणाले, "केव्हा कळलं भो तुला?"

"आत्ताच."

"उगा नको सांगू. बाटल्या मांडल्या त्या दिवशीच मी समजलो. म्हटलं, पोरानं पकडलं आपल्याला. तोंडानं बोलत नाही, पण रोज सात बाटल्या समोर ठिवून टोचून राहिला. बुधवारी मी कुठं बसतो ते बी पाहून आला असशील."

"मामा, मला वाटलं तुम्ही माझा खून करायला आलात."

मामांनी माझ्याकडे पाहिलं, खिडकीकडे पाहिलं, उशीकडे पाहिलं. मग हसू लागले. असे हसले की उचकी लागली, मी पाणी दिलं, पाणी पिऊन पुन्हा हसले. आणि हसता हसताच त्यांचे डोळे भरून आले.

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. मामी गेल्यावर त्यांना ती सवय लागली होती. बहिणीच्या घरीच दोन वेळा जेवायचे, तिनं एक दिवस ताट पुढ्यात ठेवून आपल्या डोक्यावर हात ठेवायला लावला आणि पुन्हा प्यायलास तर हे ताट बंद, अशी शपथ घातली. गावात आपण ती पाळली, असं त्यांचं म्हणणं. पण चौकशीला म्हणून आले ते नेमके इथं, जिथं दर दहा पावलांवर शपथ मोडायची सोय. माझ्या बाटल्या पाहिल्यावर त्यांना वाटलं, हा पोरगा लग्नात सगळ्यांसमोर आपलं बिंग फोडणार. तेव्हा आधीच त्याला दारुडा ठरवून टाकावा, म्हणजे दारुड्याच्या बोलण्यावर कोण विश्वास ठेवतो. घाबरून पत्र टाकलं आणि टाकल्यापासून त्यांना जेवण गेलं नव्हतं.

"खरं कळवून टाका मामा," मी म्हटलं. "माझं लग्न जातंय."

"खरं कळवलं तर माझं ताट जातं," मामा म्हणाले. "मला दुसरं घर नाही भो."

मी पाना उचलून उगाच या हातातून त्या हातात घेत बसलो. मला ती हवी होती, शेवट आधी बघणारी. आणि हा उंबऱ्यावर बसलेला माणूस तिचा मामा होता. त्याला तोंडघशी पाडून तिला आणली, तर ती माझ्याबरोबर आनंदानं येईल का, याचं उत्तर मला एकाही पुस्तकात मिळालेलं नव्हतं.

तेवढ्यात काकू चहा घेऊन आल्या. दाराआड उभ्या राहून त्यांनी एक शब्द सोडलेला नव्हता. कप खाली ठेवत त्या माझ्याकडे वळल्या. "पितोस असं कळवलंय ना? मग सोड."

"काकू, मी पीतच नाही."

"मग तर बरंच. जी प्यायलाच नाहीस ती सोडायला कितीसा त्रास होणार? मामांनी सोडवली म्हणावं."

मामांचा चेहरा असा उजळला की त्यांना गिरणी पुन्हा सुरू झाल्याचं कुणी सांगितलंय असं वाटावं. त्यांनी तिथंच पिशवीतून निळी शाई काढली. पुढचे तीन आठवडे दर चार दिवसांनी एक अशी पत्रं चोपड्याला गेली. मी प्रत्येक आधी वाचायचो, कारण मला माझी प्रकृती कशी आहे ते कळायला हवं होतं. पहिल्या पत्रात मी थरथर कापत होतो. दुसऱ्यात मामांच्या पायावर डोकं ठेवून रडलो. तिसऱ्यात माझ्या हातून त्यांनी सातही बाटल्या दमणगंगेत बुडवून घेतल्या. ते बाकी खरं होतं, बाटल्या मीच परत पुलाखाली नेऊन टाकल्या. चौथ्या पत्रात माझ्या गळ्यात तुळशीची माळ आली. ती मात्र माझ्या परवानगीशिवाय आली, आणि लिहून गेली म्हणून घालावी लागली.

होकार आला. चोपड्याला लग्न झालं. आंतरपाटाच्या पलीकडे मामा भाचीला घेऊन उभे राहिले. मला ती दिसत नव्हती, मामाही दिसत नव्हते, पण मंगलाष्टकांच्या मधोमध आंतरपाटावरून वेलदोड्याचा वास आला आणि मी समजलो, सगळं व्यवस्थित आहे.

सिल्वासाला तिला आणल्यावरच्या पहिल्याच बुधवारी आम्ही दादऱ्याला वनगंगेच्या बागेत गेलो. तळ्याकाठी बसलो होतो. मी मनाची तयारी करत होतो. मामांना शब्द दिलेला, पण बायकोपासून असं लपवून संसार सुरू करायचा म्हणजे खाटेखाली कुणी तरी लपून बसल्यासारखं वाटत होतं. तोंड उघडणार एवढ्यात तिनं विचारलं, "तुम्ही प्यायचात ती कोणती हो?"

मी आठवून आठवून म्हटलं, "लाल."

ती हसत सुटली. बाजूच्या बाकावरचे लोक वळून बघायला लागले. पदरानं डोळे पुसून म्हणाली, "मामाचं ते बाटल्यांचं पत्र मीच वाचून दाखवलं घरात. सातही बाटल्यांची नावं लिहिली होती त्यानं, कोणती कडक, कोणती हलकी तेसुद्धा. न पिणाऱ्याला असं लिहिता येतं का?"

"म्हणजे तुला माहीत होतं?"

"लहानपणापासून. मामाच्या खिशातले वेलदोडे मीच चोरून खायची."

"आणि आईंना?"

"आईच तर आणून ठेवते. दर महिन्याच्या सामानात वेलदोडे असतात, आणि आमच्याकडे गोड तर सणालाच होतं."

"मग नकार का आला?"

"बाबांमुळे. घरात त्यांना एकट्यालाच काही माहीत नव्हतं, म्हणून ठरवायचं काम त्यांच्याकडे." तिनं तळ्यात एक खडा टाकला. "तुम्ही दारू सोडल्याचं पत्र आलं, तेव्हा मला कळलं की तुम्ही मामाला सांभाळून घेतलंत. मग मी बाबांपुढं हटून बसले."

मी म्हटलं की आता निदान मामांना सांगून टाकू, त्यांच्या जिवाचा घोर जाईल. तर तिनं माझ्या गळ्यातली माळ सदऱ्याच्या बाहेर काढून नीट केली. "अजिबात नाही. आईनं दोन वेळचं ताट आणि ती शपथ, दोन्ही जपलंय. मामाला वाटू दे."

नव्वदनंतर आम्हाला टोकरखाड्यालाच कॉलनीत स्वतःची दोन खोल्यांची जागा मिळाली. माझी कीर्ती चोपड्याहून तिथंही पोचली होती. शेजारच्या बायका आपापले नवरे घेऊन माझ्याकडे यायच्या, दादा, तुम्ही कशी सोडली ते यांना समजवा. मी गंभीर चेहऱ्यानं वेलदोडे चघळायला सांगायचो. काहींची खरंच सुटली. यात माझा काही हात नाही, पण मान खाली घालून श्रेय घ्यायला मी तोवर तयार झालो होतो.

मामा दर हिवाळ्यात यायचे. आले की संध्याकाळी अंगणात चारचौघांत बसून माझ्या खांद्यावर हात टाकत गोष्ट सुरू करायचे, की हा पोरगा माझ्या हाती लागला तेव्हा कसा होता. दर वर्षी त्यांच्या गोष्टीत एक बाटली वाढायची. मी मान खाली घालायचो. शेवटच्या हिवाळ्यात त्या गोष्टीत तेरा बाटल्या झाल्या होत्या आणि मी पाना घेऊन काकूंच्या मागं धावत होतो. बायको आतून आली, मामांच्या पुढ्यात वेलदोड्यांची वाटी ठेवली आणि म्हणाली, "मामा, चौदावी राहिली."